फोनच्या जाळ्यात हाक कशी मारायची?

जुन्या चाळीत पोस्टमन कसा टपाल देत असे, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. तो चौकात उभा राहून मोठ्याने हाक देई, ‘साठे! रजिस्टर आलंय!’ हाक सगळ्या खोल्यांत ऐकू जाई. ज्यांचे आडनाव साठे नाही ते आपले काम पुढे चालू ठेवत आणि साठे तेवढे गॅलरीत येत. साठ्यांची खोली कितव्या मजल्यावर आहे हे पोस्टमनला ठाऊक असण्याची गरजच नसे.

आता समजा ही चाळ जाऊन तेथे उंच इमारत झाली. दारे बंद, भिंती जाड, पण प्रत्येक घरात उत्तम फोन. फोनवर बोलणे हाकेपेक्षा कितीतरी स्पष्ट. एका वेळी पन्नास जोड्या बोलल्या तरी कोणाचा कोणाला त्रास नाही. अडचण एकच. फोन लावायचा तर आधी क्रमांक ठाऊक हवा आणि पोस्टमनला तर फक्त आडनाव ठाऊक आहे!

संगणकांच्या जाळ्यांपुढे १९९० नंतरच्या काही वर्षांत अगदी हीच अडचण उभी राहिली. ती कशी सोडवली गेली, ते आज पाहू या.

हाकेवर चालणारे जाळे

एका कार्यालयातील किंवा प्रयोगशाळेतील संगणक एकमेकांना जोडून जे जाळे होते त्याला लोकल एरिया नेटवर्क, थोडक्यात ‘लॅन’, म्हणतात. लॅनचा सर्वांत यशस्वी प्रकार म्हणजे इथरनेट. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ साली त्याच्या कामाला सुरुवात केली. मूळ इथरनेटमध्ये एकच जाड तार सगळीकडे फिरवलेली असे आणि प्रत्येक संगणक तिला जोडलेला असे. एकाने तारेवर काही पाठवले की ते सर्वांनाच ‘ऐकू’ जाई.

पाठवण्याच्या मजकुराचे तुकडे करतात. अशा एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या सुरुवातीला ज्याला ती पाठवायची त्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो. हा पत्ता संगणकाच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला असतो. प्रत्येक कार्ड पत्ता वाचते आणि आपला असला तरच फ्रेम आत घेते. शिवाय एक खास सोय आहे. पत्त्याचे ४८ च्या ४८ बिट ‘१’ असले तर ती फ्रेम सर्वांसाठी, म्हणजे दवंडीच!

दवंडीची ही सोय वरवर किरकोळ दिसते, पण लॅनवरील जवळजवळ प्रत्येक प्रणाली तिच्यावर विसंबून लिहिलेली आहे. इंटरनेटच्या नियमांनुसार चालणारा संगणक शेजाऱ्याशी बोलण्यापूर्वी ‘अमुक क्रमांक कोणाचा?’ अशी दवंडी देतो आणि ज्याचा असेल तो उत्तर देतो. त्या काळी कार्यालयांत लोकप्रिय असलेल्या नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीतील सर्व्हर तर दर ६० सेकंदांनी ‘मी येथे आहे, माझ्याकडे या सेवा आहेत’ असे पुकारत असत.

फोनवर चालणारे जाळे

एटीएम म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बँकेचे नोटा देणारे यंत्र येईल. आपले एटीएम ते नव्हे. हे ‘असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड’. दूरध्वनी खात्यांच्या अभियंत्यांनी आवाज, चित्रे आणि संगणकाचा मजकूर एकाच तारेवरून नेता यावा म्हणून आखलेली ही पद्धत. तिच्यात सर्व काही एकाच मापाच्या छोट्या पेट्यांत भरून पाठवतात. या पेटीचे नाव सेल. एका सेलमध्ये ५३ बाइट. पैकी ५ बाइट पेटीवरच्या चिठ्ठीचे आणि ४८ बाइट आतल्या मालाचे.

पेटी एवढी लहान का? दूरध्वनीवरील आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात आणि एका नमुन्याला १ बाइट लागतो. इथरनेटची मोठी फ्रेम १५०० बाइट मजकूर नेते. ती आवाजाने भरायची तर १८७.५ मिलिसेकंद वाट पाहावी लागेल. तुम्ही ‘हॅलो’ म्हणाल आणि पलीकडच्याला ते उशिरा ऐकू येईल. उलट ४८ बाइट अवघ्या ६ मिलिसेकंदांत भरतात. आता ४८ च का, असे विचाराल. युरोपीय देशांना ३२ हवे होते, कारण त्यांच्या कमी अंतरात इतका थोडा उशीर चालला असता आणि प्रतिध्वनी घालवणारी उपकरणे बसवावी लागली नसती. अमेरिकेत अंतरे मोठी, तेथे ती उपकरणे लागणारच होती. त्यामुळे संगणकाच्या मजकुराला सोयीचे ६४ त्यांना हवे होते. १९८९ साली आंतरराष्ट्रीय समितीने दोन्हींच्या मधला आकडा घेतला. ४८ मध्ये याहून अधिक गूढ काही नाही!

एटीएममध्ये बोलण्याआधी जोडणी करावी लागते. तुमचा संगणक २० बाइटांचा लांबलचक एटीएम पत्ता देऊन स्विचला सांगतो, ‘याच्याशी जोडून द्या.’ वाटेतील सर्व स्विच आपापसांत ठरवून मार्ग आखतात आणि त्या मार्गाला एक छोटा क्रमांक देतात. पुढे प्रत्येक सेलवर हा छोटा क्रमांकच असतो. स्विचला पत्ते वाचत बसावे लागत नाही, म्हणून तो अतिशय वेगाने काम करतो. साधे इथरनेट तेव्हा सेकंदाला १ कोटी बिट नेई आणि तेही सर्वांनी वाटून घ्यायचे. एटीएमची एक सर्वसाधारण जोडणी १५ कोटी ५५ लाख २० हजार बिट नेई आणि ते ज्याचे त्याला मिळत. अशा जाळ्याचा मोह कोणाला होणार नाही?

पण या जाळ्यात दवंडी नाही. एकाने बोलावे आणि अनेकांनी ऐकावे अशी जोडणी करता येते, परंतु तीही आधी ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता देऊन बांधावी लागते.

जुन्या संगणकाला कळू न देता

मार्ग दोन होते. एक म्हणजे सगळ्या प्रणाली नव्याने लिहायच्या. त्या कोणी लिहायच्या, जगभरच्या कार्यालयांत कोणी बसवायच्या आणि तोवर एटीएम कोण विकत घेणार? दुसरा मार्ग असा की, आपण एटीएमवर आहोत हे त्या प्रणालींना कळूच द्यायचे नाही. त्यांना इथरनेटच आहे असे भासवायचे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘एटीएम फोरम’ या उत्पादकांच्या संघटनेने दुसरा मार्ग घेतला आणि जानेवारी १९९५ मध्ये ‘लॅन एम्युलेशन’ची पहिली नियमावली मंजूर केली. एम्युलेशन म्हणजे हुबेहूब नक्कल. टोकन रिंग या दुसऱ्या प्रकारच्या लॅनचीही नक्कल त्यात होती, पण आपण इथरनेटपुरतेच पाहू.

या नक्कलेत चार पात्रे आहेत. पहिले पात्र प्रत्येक संगणकात बसते. वरून प्रणालीने इथरनेटची फ्रेम दिली की ती एटीएमवरून कशी पोचवायची याची खटपट ते करते. त्याचे नाव लॅन एम्युलेशन क्लायंट. इंग्रजी आद्याक्षरे जोडून म्हणतात ‘लेक’. मराठी कानांना हे नाव घरचेच वाटेल! जुन्या इथरनेटच्या तारा एटीएमला जोडणाऱ्या पेटीतही असा लेक बसवता येतो. मग तो तारेवरच्या सगळ्या संगणकांच्या वतीने बोलतो.

उरलेली तिघे म्हणजे सर्वांना सेवा देणारे सर्व्हर. ‘लेक्स’ सांगतो की तू कोणत्या जाळ्याचा सभासद. ‘लेस’ पत्त्यांची वही सांभाळतो: कोणता ४८ बिटांचा इथरनेट पत्ता कोणत्या २० बाइटांच्या एटीएम पत्त्यावर राहतो. आणि ‘बस’ दवंडी पिटतो.

संगणक सुरू झाल्यावर काय घडते पाहा. लेक प्रथम लेक्सला फोन लावतो. त्याचा पत्ता जवळच्या स्विचकडून मिळतो किंवा सर्वांनी मान्य केलेला एक ठरीव पत्ता वापरतात. लेक्स म्हणतो, ‘तू हिशेब विभागाच्या जाळ्यात, तुमच्या लेसचा पत्ता हा.’ येथे एक सोय आपोआप मिळाली. एकाच इमारतीत, त्याच तारांवर, हिशेब विभागाचे एक आणि भांडार विभागाचे दुसरे अशी कितीतरी लॅन नांदू शकतात. हिशेबनीस दुसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर बसायला गेला तरी त्याचे लॅन बदलत नाही.

मग लेक लेसकडे नाव नोंदवतो. लेस त्याचे दोन्ही पत्ते वहीत लिहून घेतो आणि त्याला २ बाइटांचा एक सभासद क्रमांक देतो. हा क्रमांक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. शेवटी बसचा पत्ता हवा. त्यासाठी लेक लेसला नेहमीच्याच पद्धतीने विचारतो, ‘सर्वच्या सर्व ४८ बिट १ असलेला पत्ता कोणाचा?’ तो तर दवंडीचा पत्ता! लेस उत्तरात बसचा एटीएम पत्ता देतो. बस शोधण्यासाठी वेगळ्या तऱ्हेचा प्रश्न बनवावाच लागला नाही. नियमावलीतील ही जागा मला विशेष आवडते. लेक बसशी जोडणी करतो आणि बस त्याला आपल्या ‘एक बोलणार, सर्व ऐकणार’ जोडणीत घेतो.

आता दवंडी सोपी झाली. लेकने फ्रेम बसला द्यायची, बसने ती सर्वांना पाठवायची. मात्र बसला दोन पथ्ये आहेत. दोन संगणकांच्या फ्रेम एकाच वेळी आल्या तर त्यांचे सेल मिसळून चालणार नाही, कारण कोणता सेल कोणाच्या फ्रेमचा हे सेलवर लिहिलेले नसते. म्हणून त्याने एक फ्रेम पुरी जमवायची, ती पुरी पाठवायची, मग दुसरी हाती घ्यायची. दुसरे असे की ‘सर्वां’मध्ये मूळ पाठवणाराही आला. स्वतःचीच हाक परत आली तर जुनी प्रणाली गोंधळेल. यावर उपाय तो सभासद क्रमांक! प्रत्येक फ्रेमच्या आधी लेक आपला क्रमांक चिकटवतो, आणि आलेल्या फ्रेमवर आपलाच क्रमांक दिसला तर ती मुकाट्याने टाकून देतो.

खरी कसोटी: दोन वाटा

दवंडीचा प्रश्न सुटला, पण नेहमीचे बोलणे तर दोघांतलेच असते. संगणक ‘अ’ला ‘ब’कडे फ्रेम पाठवायची आहे. ‘ब’चा इथरनेट पत्ता माहीत आहे, एटीएम पत्ता नाही. अ चा लेक लेसला विचारतो, उत्तर आले की थेट जोडणी करतो आणि पुढच्या सर्व फ्रेम त्या वाटेने धाडतो. विचारणा आणि जोडणी यात थोडा वेळ जातोच. तोवर फ्रेमने थांबायचे का?

थांबायचे नाही, असे ठरले. तोवर लेक फ्रेम बसला देऊ शकतो. बस ती सगळ्यांना पाठवतो आणि ती ब ला मिळतेच. यामागे घाईखेरीज आणखी एक कारण आहे. ब एखाद्या जुन्या तारेवर, जोडपेटीच्या मागे असेल आणि सुरू झाल्यापासून एक शब्दही बोलला नसेल तर तो कोठे आहे हे लेसला सोडाच, त्या पेटीलाही ठाऊक नसते. असा मुखदुर्बळ संगणक सापडायचा तर सगळीकडे हाक देणे हाच उपाय. बसच्या पूर्ण नावात ‘ब्रॉडकास्ट’च्या जोडीला ‘अननोन’, म्हणजे अज्ञात, हा शब्द आहे तो याचसाठी. मात्र सर्वांच्या कानांवर नको ते आदळू नये म्हणून अशा फ्रेमना लगाम आहे: वेगळे ठरवले नसेल तर एका पत्त्यासाठी सेकंदाला एकच.

आता क्षणभर वाचन थांबवून विचार करा. या योजनेत एक दोष दडला आहे. कोणता?

अ ने पहिली फ्रेम बसच्या वाटेने पाठवली. लगेच थेट जोडणी तयार झाली आणि दुसरी फ्रेम त्या वाटेने गेली. बसची वाट लांबची, शिवाय तेथे रांग. थेट वाट जवळची. म्हणजे दुसरी फ्रेम पहिलीच्या आधी पोचू शकते! एका तारेच्या इथरनेटवर असे कधी घडत नाही. मागची फ्रेम पुढचीला ओलांडून जाणारच कशी? म्हणून क्रम बदलणार नाही असे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या प्रणाली होत्या. त्यांना ‘हे इथरनेटच आहे’ असे भासवायचे तर ही खोड सांभाळणे भागच होते.

उपाय मोठा नामी आहे. थेट वाट तयार झाल्यावर लेक तिच्यावर लगेच फ्रेम सोडत नाही. आधी तो जुन्या वाटेने, बसमार्फत, एक खास निरोप पाठवतो. याला ‘फ्लश’ म्हणतात. ब ला निरोप मिळाला की तो लेसमार्फत ‘मिळाला’ असे उत्तर धाडतो. बसच्या वाटेवर क्रम बदलत नाही; तेव्हा निरोप पोचला याचा अर्थ त्याच्या आधी निघालेली प्रत्येक फ्रेम पोचली किंवा वाटेतच नष्ट झाली, पण मागून कोणी येणार नाही. उत्तर हाती येईपर्यंत लेक नव्या फ्रेम राखून ठेवतो आणि मग थेट वाट खुली करतो. लग्नघरी सामानाचा शेवटचा टेम्पो निघाला की त्याच्याबरोबर एक मुलगा बसवून देतात. तो पोचल्याचा फोन आला की सगळे सामान पुढे गेले असे समजायचे. तसाच हा प्रकार.

थोडे गणित

मोठ्यात मोठ्या फ्रेममध्ये १५०० बाइट मजकूर आणि १४ बाइट पत्ते वगैरे असतात. २ बाइट सभासद क्रमांकाचे मिळवा: १५१६. एटीएमच्या नियमाप्रमाणे शेवटी लांबी आणि चूक तपासण्याचे आकडे असलेली ८ बाइटांची शेपटी लागते: १५२४. याला ४८ ने भागल्यास ३१.७५ येतात, म्हणजे ३२ सेल हवेत. १२ बाइटांची जागा रिकामीच भरावी लागते. तारेवरून जातात ३२ × ५३, म्हणजे १६९६ बाइट. या ३२ पैकी एक जरी सेल हरवला तरी सगळी फ्रेम वाया. १०० बाइट मजकुराच्या फ्रेमला किती सेल लागतील ते तुम्ही काढा. उत्तर ३ आले पाहिजे.

दुसरे गणित जोडण्यांचे. १०० संगणकांपैकी प्रत्येकजण प्रत्येकाशी बोलू लागला तर ४९५० थेट जोडण्या लागतील. २०० संगणक असतील तर १९,९००. स्विचच्या स्मरणशक्तीलाही मर्यादा असते. म्हणून थेट जोडणी काही काळ वापरली नाही तर ती तोडायची असा नियम केला. हा काळ साधारणपणे २० मिनिटे धरत.

नक्कल चांगली, पण...

नक्कल उत्तम वठली, आणि तेथेच तिची अडचणही होती. एटीएमची मोठी शक्ती म्हणजे जोडणी करतानाच ‘मला इतका वेग हवाच, इतक्याहून उशीर चालणार नाही’ असे बजावता येणे. पण आपण इथरनेटवरच आहोत असे समजणारी प्रणाली हे मागणार कशी? पहिल्या नियमावलीत त्याला वावच नव्हता; १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत काही सोय झाली. शिवाय लेस किंवा बस बंद पडला की जाळ्याचे काम अडे, कारण पहिल्या आवृत्तीत एका जाळ्याला एकच लेस आणि एकच बस होता. माझ्या मते मात्र निकाल लावला तो वेगळ्याच गोष्टीने. ज्या वर्षी लॅन एम्युलेशन आले त्याच १९९५ साली सेकंदाला १० कोटी बिटांच्या इथरनेटची मानके मंजूर झाली आणि १९९८ साली १०० कोटी बिटांची. स्वस्त, ओळखीचे आणि वेगवान असे अस्सल इथरनेट मिळत असताना त्याची महाग नक्कल कोण घेणार? काही वर्षांतच कार्यालयांतून एटीएम मागे पडले.

तरी ते आपल्या घरात येऊन गेले आहे. २००५ साली बीएसएनएलने टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा मोडेममध्ये ० आणि ३५ असे दोन आकडे भरावे लागत. मुंबईत एमटीएनएलसाठी ० आणि ३२. ते एटीएमच्या जोडणीचेच क्रमांक. तुमच्या घरातून निघालेली इथरनेटची फ्रेम ४८-४८ बाइटांचे तुकडे होऊनच टेलिफोन केंद्राकडे जात होती. तेथे लेस आणि बस नव्हते, कारण एकच कायमची जोडणी होती आणि हाक मारायला शेजारीही नव्हते.

हाकेचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला आहे, तो हजारो संगणकांच्या प्रचंड माहिती केंद्रांत. तेथे दूरदूरच्या संगणकांना एकाच लॅनवर असल्याचे भासवण्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेली व्हीएक्सलॅन नावाची पद्धत वापरतात. तिच्यात जाळ्याचा क्रमांक २४ बिटांचा असतो, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक वेगळी लॅन एकाच तारांवर नांदू शकतात. दवंडी आली की तिच्या प्रती काढून प्रत्येक ठिकाणी पाठवाव्या लागतात, अगदी बस करत असे तशाच. पत्त्यांची वही मात्र आता एकाच लेसकडे ठेवत नाहीत. स्विच आपापसांत पत्ते कळवत राहतात, आणि संगणकाने ‘अमुक क्रमांक कोणाचा?’ असे विचारले की बहुतेक वेळा शेजारचा स्विचच वहीत पाहून उत्तर देऊन टाकतो.